पाच प्रश्नांचे प्रेत : रोलप्लेइंग गेममधले मृतात्मे आणि मंत्र



मागच्या व्याख्यानात आपण लॉकपाशी थांबलो होतो. कालचा माणूस आणि आजचा माणूस एकच, हे कशावरून म्हणायचे? लॉकचे उत्तर होते, जाणिवेच्या सलगतेवरून, म्हणजे ढोबळ मानाने स्मृतीवरून. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, पण जरा आडवाटेने. आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारले, "सर, भुतांचे खेळ? तुम्ही?" होय, आम्ही. आमच्या मंडळातले पाचसहा जण गेली दोन वर्षे दर पंधरवड्याला हे खेळ खेळतो आहोत. त्यातले चार निवृत्त आहेत, दोघे अजून नोकरीत. आमच्या नातवंडांची पिढी पुण्या-मुंबईच्या बोर्डगेम कॅफेत किंवा परदेशातल्या वसतिगृहात हेच खेळते. ती पोरे मेलेल्यांविषयी नेमके काय मानून चालतात, हे पाहण्याची आम्हाला उत्सुकता होती. मानून चालतात म्हणजे विश्वास ठेवतात असे नव्हे. हा फरक शेवटपर्यंत लक्षात असू द्या.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण गेम मास्टर. तो जग सांगतो, प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी दार उघडतो', 'मी पळतो' असे बोलून खेळतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासा टाकायचा. फासेही नेहमीचे सहा बाजूंचे नाहीत, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे. या प्रकारातला पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांत काढला. त्याआधी ही मंडळी टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढायांचे खेळ खेळत. हे मूळ विसरू नका. लढाईच्या खेळात मेलेला सैनिक म्हणजे टेबलावरून उचललेली सोंगटी.

आता आम्हाला तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून या खेळांत रस का? कारण नियमपुस्तकाला धुके चालत नाही. हॅम्लेटच्या बापाचे भूत खरे की भास, ते नरकातून आले की आणखी कुठून, हे शेक्सपिअरने सांगितले नाही तरी नाटक चालते, उलट रंगते. पण खेळात कोणी तरी विचारणारच : "भुताला तलवार लागते का? ते भिंतीतून जाते का? त्याला जुने आठवते का?" गेम मास्टरला त्याच मिनिटाला उत्तर द्यावे लागते. त्यामुळे नियम लिहिणाऱ्याला, त्याच्या मनात असो वा नसो, आत्म्याविषयी एक मत घ्यावेच लागते. अशा रीतीने ज्यांनी आयुष्यात प्लेटोचे 'फिडो' उघडले नसेल अशा माणसांनी आत्म्याच्या डझनभर व्यवस्था रचून ठेवल्या आहेत. त्या तपासण्यासारख्या आहेत.

सर्वांत बोलके उदाहरण घेऊ. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये 'स्पीक विथ डेड' नावाचा मंत्र आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले त्याचे नियम आमच्या शब्दांत सांगतो. प्रेताला तोंड शाबूत हवे. ते आधीच कोणी चालते-बोलते केलेले नसावे. दहा मिनिटांत जास्तीत जास्त पाच प्रश्न विचारता येतात. जिवंतपणी जेवढे ठाऊक होते तेवढेच, आणि ज्या भाषा येत होत्या त्याच भाषांत ते सांगते. उत्तरे त्रोटक, गूढ किंवा तीच तीच. तुम्ही त्याचे शत्रू असाल तर खरे बोलण्याचे बंधन त्याच्यावर नाही. एकाच प्रेताला दहा दिवसांच्या आत पुन्हा बोलवता येत नाही. (आपल्याकडच्या दहा दिवसांशी याचा काही संबंध नाही, हा योगायोग आहे; पण पहिल्यांदा वाचताना आम्ही थबकलो खरे.) आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या मंत्राने आत्मा परत येत नाही. देहाला चालवणारे जे काही प्राणतत्त्व होते, तेवढेच तात्पुरते जागे होते. म्हणून त्या प्रेताला नवे काही शिकता येत नाही, मेल्यानंतर काय घडले ते उमगत नाही, पुढचा तर्कही करता येत नाही.

आता गंमत बघा. माणसाचे तीन तुकडे झाले : देह, प्राणतत्त्व आणि आत्मा. त्यातल्या प्राणतत्त्वाला आठवणी आहेत, भाषा आहे, शत्रू ओळखता येतो, खोटेही बोलता येते! मग आत्म्यापाशी उरले काय? लॉकला विचाराल तर तो म्हणेल, ज्याला आठवते तोच तो माणूस; तुम्ही ज्याच्याशी बोललात तोच कालचा शिंपी. पण नियम म्हणतो, छे, तो शिंपी केव्हाच परलोकी गेला, हे नुसते त्याचे उरलेले यंत्र बोलते आहे. आम्हाला इथे सांख्य आठवले. सांख्यांनी बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रिये आणि पाच तन्मात्रे असे अठरा तत्त्वांचे लिंगशरीर मानले. जाणणे, आठवणे, ठरवणे हे सगळे त्याच्याकडे. पुरुष नुसता साक्षी. अमेरिकेतल्या नियमकारांनी नकळत अर्धे सांख्य मत घेतले म्हणायचे. अर्धेच, कारण सांख्यांचे लिंगशरीर देह सोडून पुढे प्रवासाला जाते, यांचे मात्र प्रेतापाशीच पडून राहते, बंद पडलेल्या दुकानातल्या वहीसारखे.

हे असे का झाले असेल? आमचे मत असे की, इथे आत्म्याविषयी कोणी विचार केलेलाच नाही, विचार केला आहे तो गोष्टीच्या सोयीचा. गेम मास्टरपुढे अडचण असते. खून झाला, पात्रांनी मंत्र म्हटला, प्रेताने खुन्याचे नाव सांगितले की दोन तासांचे रहस्य दोन मिनिटांत संपले. म्हणून पाचच प्रश्न, म्हणून गूढ उत्तरे, म्हणून तोंड शाबूत हवे, म्हणजे हुशार खुनी जबडाच मोडून जाईल. मेलेला माणूस ही इथे माहितीची एक तिजोरी आहे आणि नियम म्हणजे तिचे कुलूप. नियम आधी येतो, तत्त्वज्ञान मागून त्याला टेकू देते. याचा एक पुरावाच देतो. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये मेलेल्याला उठवणारा 'रेझ डेड' हा मंत्र एल्फ या वंशावर चालत नाही. आता का चालत नाही? त्याचे कारण 'डीटीज अँड डेमीगॉड्स' या १९८० च्या पुस्तकात सापडते : एल्फना आत्मा नसतो, त्याऐवजी दुसरेच एक तत्त्व असते. म्हणजे आधी मनाई आणि दोन वर्षांनी मीमांसा. धर्मांच्या इतिहासातही असे झालेले आहे, पण तिथे दोन वर्षांत उरकत नाही. (हशा)

आता याच्या शेजारी एक जुना प्रसंग ठेवू. ओडिसी महाकाव्याचे अकरावे सर्ग. ओडिसियस मृतांच्या सीमेवर जातो, खड्डा खणतो, मेंढ्यांचे रक्त त्यात सोडतो. मृतांना ते रक्त प्याल्याशिवाय धड बोलता येत नाही. त्याला हवी आहे माहिती, टायरेसिअस या द्रष्ट्याकडून घरची वाट. म्हणजे हेतू अगदी खेळातल्या पात्राचाच. पण पहिला पुढे येतो तो एल्पेनोर, त्याचाच एक बिनमहत्त्वाचा खलाशी. हा बिचारा सर्सीच्या छपरावरून पडून मेला होता आणि घाईत कोणी त्याचे अंत्यसंस्कार केले नव्हते. त्याच्यापाशी माहिती काहीच नाही. त्याचे मागणे आहे : मला माझ्या शस्त्रांसह जाळा, वर मातीचा उंचवटा करा, त्यावर मी वल्हवत होतो ते वल्हे रोवा. आणि ओडिसियस खरेच परत जाऊन तेवढे करतो, मगच पुढे निघतो. नंतर आई येते. तो तिला तीनदा मिठी मारायला जातो, तीनही वेळा हात रिकामे.

'स्पीक विथ डेड'चे सर्व नियम पुन्हा वाचा. प्रेताला काय काय येत नाही याची भली मोठी यादी आहे. प्रेत काही मागू शकते का, याविषयी अक्षर नाही. मनाई नाही, परवानगीही नाही. नियमकाराला हा प्रश्नच पडला नाही. आमचा आक्षेप इथे आहे, आणि तो भूत खरे की खोटे याच्याशी संबंधित नाही. ज्यात मेलेले काही मागत नाहीत ते जग होमरला, आणि आपल्या आजीलाही, कळले नसते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की मंडळी हात जोडून म्हणतात, मुलीचे लग्न आम्ही करू, काळजी नसावी. तिथे प्रश्न मेलेल्याचा असतो आणि उत्तर जिवंतांना द्यावे लागते. खेळाने हे नाते बरोबर उलटे केले आहे.

मरणाचे झाले, आता परत येण्याचे. पाचव्या आवृत्तीत त्याचे दरपत्रकच आहे. मरून एक मिनिटही झाले नसेल तर तीनशे सुवर्णमुद्रांचे हिरे. दहा दिवसांपर्यंत पाचशेचा हिरा. शंभर वर्षांपर्यंत हजाराचा. दोनशे वर्षांपर्यंत, देह उरला नसला तरी, पंचवीस हजारांचे हिरे. आत्मा मोकळा आणि राजी हवा, ही अट आहे आणि ती चांगली अट आहे. ज्याला यायचे नाही त्याला ओढून आणता येत नाही. पण जो येतो त्याचे काय होते? 'रेझ डेड'ने उठलेल्याच्या फाशांतून चार गुण वजा होतात. एकेक रात्र नीट झोप झाली की एकेक गुण परत मिळतो. म्हणजे माणूस मेला, परलोकात जाऊन आला आणि चार रात्री झोपला की खडखडीत. आम्हाला फ्लू झाला तर यापेक्षा जास्त दिवस लागतात.

संजीवनीची गोष्ट मराठी प्रेक्षकाला सांगायला नको, खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'पासून ती रंगभूमीवर आहे. कच तीनदा मरतो आणि तीनदा उठतो. पहिल्या दोन वेळा ती विद्या खेळातल्या मंत्रासारखीच चालते, हाक मारली की आला. तिसऱ्या वेळी त्याची राख शुक्राचार्यांच्या मद्यात, म्हणजे त्यांच्याच पोटात. तो उठायचा तर गुरू मरणार, गुरूला उठवायचे तर शिष्याला विद्या द्यावी लागणार. आणि हे सगळे निस्तरल्यावर देवयानी लग्नाचे बोलते तेव्हा कच म्हणतो, मी तुझ्या पित्याच्या उदरातून आलो, मी तुझा भाऊ. परत येण्याची किंमत हिऱ्यांत मोजलेली नाही. नातेच बदलून गेले. महाभारताच्या कर्त्याला एवढे पक्के ठाऊक होते की मरणातून परत येणारा पूर्वीच्याच जागी परत येऊ शकत नाही.

न्याय म्हणून हेही सांगायला हवे की जुन्या आवृत्त्या याबाबतीत कडक होत्या. १९७८ च्या नियमांत प्रत्येक पात्राला 'कॉन्स्टिट्यूशन' म्हणजे देहाच्या काटकपणाचा एक आकडा असे. तो जेवढा, तेवढ्याच वेळा त्याला आयुष्यात उठवता येई. शिवाय दर वेळी फासा टाकायचा : आकडा अठरा असेल तर शंभर टक्के, तीन असेल तर चाळीसच. फसले की कायमचे गेले. तेव्हा देवळात जाताना खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येत असे. आणखी एक होते. वाइट, स्पेक्टर अशी जी मृतांची जात, तिच्या नुसत्या स्पर्शाने पात्राची एक किंवा दोन 'लेव्हल' जात. लेव्हल म्हणजे महिनोन्‌महिने खेळून कमावलेला अनुभव. जुने खेळाडू सांगतात की त्यांना मरणाची भीती वाटत नसे, याची वाटे. आम्हाला हे फार मार्मिक वाटते. मेलेल्याच्या स्पर्शाने जीव जात नाही, तुम्ही जगून जे मिळवले ते जाते. पुढच्या आवृत्त्यांनी हा नियम खेळाडूंना त्रासदायक म्हणून काढून टाकला. त्रासदायक होता खराच. तो त्यासाठीच होता.

आता मंत्रांकडे वळू. मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला. त्याचे एक निरीक्षण प्रसिद्ध आहे. खाजणाच्या शांत पाण्यात, जिथे मासा हमखास मिळतो, तिथे बेटावरचे लोक कसलाही मंत्रतंत्र करत नाहीत. खुल्या समुद्रात, जिथे मासाही बेभरवशाचा आणि जीवही, तिथे मात्र सगळे विधी यथासांग. सारांश, हुन्नर पुरेसा असतो तिथे जादू नसते, हुन्नर संपतो तिथे ती सुरू होते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये काय आहे? तलवारबाजाने दर वारासाठी फासा टाकायचा. वीस वर्षे तलवार चालवलेला योद्धाही चुकू शकतो. आणि 'मॅजिक मिसाइल' हा जादूगाराचा अगदी पहिल्या पायरीचा मंत्र कधीच चुकत नाही. बाकी कित्येक मंत्रांत समोरच्याला बचावासाठी फासा मिळतो, हे खरे. पण म्हणणाऱ्याकडून मंत्र म्हणताना चूक होत नाही. मॅलिनोव्स्कीचे चित्र पूर्ण उलटे! इथे हुन्नर बेभरवशाचा आणि जादू हमखास. जी गोष्ट दर वेळी तेच करते, जिचा पल्ला फुटांत आणि अवधी मिनिटांत मोजता येतो, तिला आपण एरवी यंत्र म्हणतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही धर्मनिष्ठ मंडळींनी या खेळावर मोठे काहूर उठवले होते की हा मुलांना सैतानी विद्या शिकवतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून डीमन आणि डेव्हिल ही नावे काढली गेली. प्रेते उठवण्याचे मंत्र मात्र जागच्या जागी राहिले. आमची तक्रार त्या मंडळींच्या बरोबर विरुद्ध आहे. या खेळात जादू जास्त नाही, फार कमी आहे. जे आहे ते अभियांत्रिकी आहे.

एक गोष्ट मात्र या खेळाला साधली आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. जॅक व्हान्स नावाच्या लेखकाच्या 'द डाइंग अर्थ' या १९५० च्या पुस्तकात जादूगार मंत्र पाठ करतो, आणि म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. गायगॅक्सने ही कल्पना जशीच्या तशी उचलली. जपाने मंत्र सिद्ध होतो असे मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हे प्रथम विचित्र वाटते. मंत्र आहे की काडतूस? पण खेळताना कळते. आमच्यातल्या एकाने सकाळी एकच मोठा मंत्र तयार ठेवला होता आणि तो दुपारीच एका किरकोळ राक्षसावर खर्च करावा लागला, कारण नाही तर सगळे मेलो असतो. संध्याकाळी खरा शत्रू समोर आला तेव्हा टेबलावर जी शांतता पसरली ती आम्ही विसरणार नाही. आम्ही सगळे एकदमच म्हणालो : घटोत्कच! इंद्राने दिलेली एकदाच चालणारी शक्ती कर्णाने अर्जुनासाठी जपून ठेवली आणि ती खर्ची पडली घटोत्कचावर. एका हिशेबी नियमातून हा पेच आपोआप उभा राहतो. हे यश लहान नाही.

दुसरे खेळ वेगळ्या वाटेने गेले, त्यांपैकी तीन थोडक्यात सांगतो. १९८७ चा 'आर्स मॅजिका' हा मध्ययुगीन युरोपातला खेळ. त्यातली जादू म्हणजे चक्क व्याकरण आहे. पाच लॅटिन क्रियापदे, दहा नामे, त्यांच्या पन्नास जोड्या : निर्माण करणे आणि अग्नी, जाणणे आणि मन, असे. भुते 'मन' या नामाखाली येतात, 'देह' या नामाखाली नाही. प्रेत हलवता येईल, भुताशी बोलता येईल. पण मेलेल्याला खरे जिवंत करणे या जादूच्या कक्षेबाहेर, कारण अमर आत्मा घडवणे तिच्या हाती नाही. तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती विद्वानाला हे बरेचसे पटले असते. आपल्या काळाशी प्रामाणिक असलेला खेळ. आमच्यातल्या वैयाकरणाला सोडून कोणाला तो फारसा भावला नाही, ते असो.

१९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये मंत्र म्हटला की मनाचे स्थैर्य खर्च होते. त्याहून पुढचा नियम असा की त्या भयंकर विश्वाचे ज्ञान जितके वाढेल तितकी तुमच्या स्थैर्याची कमाल मर्यादाच खाली येते. ज्ञानाने मोक्ष मिळतो असे म्हणणाऱ्या सगळ्या दर्शनांना हे उत्तर आहे. पटते असे नाही, पण उत्तर आहे.

आमच्या दृष्टीने खरा प्रतिस्पर्धी १९७८ चा 'रूनक्वेस्ट'. नियम मुख्यतः स्टीव्ह पेरिन यांचे, आणि त्यातले ग्लोरान्था नावाचे जग ग्रेग स्टॅफर्ड यांचे. स्टॅफर्ड हे शमन-परंपरांचे अभ्यासक होते आणि ते जागोजाग दिसते. इथे जादू ही एका वर्गाची मक्तेदारी नाही, शेतकऱ्यालाही थोडी येते. प्रत्येकाला 'पॉवर' नावाचा एक आकडा आहे आणि देहाविना फिरणाऱ्या आत्म्यालाही तोच आकडा आहे. दोघांची गाठ पडली तर आकड्याला आकडा भिडतो. बरोबरीत असाल तर जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के, दर एका गुणाच्या फरकाला पाच टक्के इकडे किंवा तिकडे. तुमचा बारा आणि त्याचा नऊ, तर पासष्ट. आता यात काय मोठेसे, असे वाटेल. पण बघा : जिवंत आणि मृत एकाच मापाने मोजले आहेत. मेलेला हा देह नसलेला माणूसच आहे, वही नव्हे, तिजोरी नव्हे. तो जिंकला तर तुमच्या देहात येऊन राहू शकतो. त्याला काहीतरी हवे आहे!

याच जगात डाका फाल नावाचा देव आहे. हा सर्वांत आधी मेलेला मर्त्य, म्हणून मृतांचा न्यायाधीश. ऋग्वेदातला यम ज्यांना आठवतो त्यांना वेगळे सांगायला नको : मरणाची वाट पहिल्यांदा चालून गेलेला, म्हणून त्या वाटेचा राजा. डाका फालच्या पंथात देवाची नव्हे, स्वतःच्या पूर्वजांची उपासना करतात. अमुक एका पूर्वजाला बोलावण्याचा विधी वेगळा, आणि नुसतेच 'पूर्वजांपैकी कोणी तरी या' असे म्हणण्याचा वेगळा. दुसऱ्यात कोण येईल याची खात्री नाही. आम्ही तो एकदा केला तेव्हा गेम मास्टरने आमच्या पात्राची एक खडूस पणजी आणली. शत्रूच्या छावणीचे राहिले बाजूला, "माझ्या नावाने तुम्ही काय करता?" यावरच तिने अर्धा तास घेतला. टेबलावर हसून हसून पुरेवाट झाली, पण ती पणजी होती. पाच प्रश्नांचे प्रेत नव्हते.

शेवटचा १९९४ चा 'रेथ : द ऑब्लिव्हियन'. यात खेळणारे स्वतःच मेलेले असतात. प्रत्येकाने पात्र तयार करताना लिहायचे की या जगातल्या कोणत्या गोष्टींशी आपण अजून बांधलेले आहोत : एखादी व्यक्ती, घर, एखादे घड्याळ. ते बंध तुटले की तुमचा इथला आधार गेला. भावना हेच तुमचे इंधन. आणि प्रत्येक पात्राची एक काळी बाजू असते, जी शेजारी बसलेला दुसरा खेळाडू बोलतो, तुमच्या कानाशी लागून तुम्हाला नाशाकडे ओढतो. अडकलेल्या वासनेची कल्पना मराठी माणसाला समजावून द्यावी लागत नाही. ती आकड्यांत बसवलेली पाहून मात्र आम्हाला कौतुक वाटले. पण याच खेळातली एक गोष्ट अंगावर येते. मृतांच्या त्या राज्यात दुबळ्या आत्म्यांना वितळवून, ठोकून त्यांच्या वस्तू करतात. नाणीसुद्धा. बाजारात तुम्ही भाजी घ्यावी तसे खिशातून कोणाचा तरी आत्मा काढून देता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने मेलेल्यांना साधन केले आणि ते त्याच्या लक्षातही आले नाही. 'रेथ'ने तेच उघड्यावर मांडले आणि खेळणाऱ्याला त्या नाण्याकडे बघायला लावले. दोन खेळांतला दर्जाचा फरक आम्ही इथे करतो. पहिला खेळ कितीतरी जास्त लोक खेळतात आणि तो खेळायला कितीतरी सोपा आहे, हे मान्य करूनही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही बुद्धिवादी माणसे. श्राद्धपक्ष करत नाही, पिंड ठेवत नाही. मेलेला काही मागत नाही हेच तर तुमचे मत. मग खेळातल्या प्रेताने काही मागितले नाही म्हणून तुम्हाला का लागते? प्रश्न रास्त आहे. ॲरिस्टॉटलने निकोमाखीय नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात तो जवळपास असाच घेतला आहे : माणूस मेल्यावर त्याच्या मुलाबाळांचे बरेवाईट झाले तर त्याचा त्याच्या सुखावर परिणाम होतो का? तो म्हणतो, होत असावा, पण अगदी पुसट. हे उत्तर अनेक भाष्यकारांना गुळमुळीत वाटले आहे. आम्हाला तसे वाटत नाही. मेलेल्याला ऐकू येते असे न मानताही त्याला दिलेला शब्द शब्दच राहतो. मृत्युपत्र आपण पाळतो ते मेलेल्याच्या भीतीने नव्हे. भूत मानणे आणि मृताचे मागणे मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली सोडताना दुसरीही टाकून द्यायची, असा तर्कशास्त्रात कुठेही नियम नाही. खेळात तर हे आणखी स्वच्छ दिसते, कारण तिथे भुतावर विश्वास कोणाचाच नसतो.

म्हणून आमच्या टेबलावर आम्ही एक घरचा नियम केला आहे. 'स्पीक विथ डेड'चे पाच प्रश्न संपले की सहावा प्रश्न प्रेताचा. उत्तर द्यायचे की नाही ते खेळणाऱ्यावर. पहिल्यांदा तो वापरला तेव्हा प्रेत एका नाकेदाराचे होते. खुनी कोण, किती जण होते, कोणत्या वाटेने गेले, बरोबर काय नेले, आम्ही सगळे विचारून घेतले. मग त्याने विचारले, "नाक्यावर माझा कुत्रा बांधलेला आहे, त्याला कोणी सोडले का?" आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात नाक्यावर कुत्रा आहे हे नव्हते. खुनी पूर्वेला गेले होते, नाका पश्चिमेला दीड दिवसावर. आम्ही त्यावर पाऊण तास भांडलो. अखेर दोघे पूर्वेला गेले आणि तिघे पश्चिमेला.

बरं, वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.